बावीस वर्षं हात न लागलेली जागा

गिरडच्या पुढे जंगलात एक लॉज आहे, त्या लॉजच्या बागेत एक पाटी आहे आणि त्या पाटीबद्दल माझी तक्रार आहे.

तक्रार करायची कोणाकडे हा प्रश्नच आहे, कारण ती पाटी माझ्याच पोरीने लावली आहे. स्नेहल, आमची एकुलती एक. तिने शेतीची पदवी घेतली तेव्हा आम्हाला वाटलं, आता वर्ध्यातच कुठेतरी पंख्याखाली खुर्चीवर बसेल. ती जाऊन बसली जंगलात, जिथे फोनला रेंज पाहिजे असेल तर टेकडी चढावी लागते. लॉजच्या मालकांनी तिला आठ महिने कच्च्या नोकरीवर ठेवलं होतं. काम असं, की वनौषधींची बाग उभी करायची आणि शहरातल्या लोकांसाठी तीन दिवसांचं शिबिर घ्यायचं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मालक नागपूरहून येणार, बाग बघणार आणि नोकरी पक्की की घरी परत, ते सांगणार.

शिबिराला आठ जण लागत होते, जमले सहा. म्हणून तिने आम्हा दोघांना बोलावलं. "बाबा, नुसतं पाहुण्यासारखं राहाजा. काही करू नका," असं फोनवर दोनदा म्हणाली. (दोनदा कशाला? तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली मी. काही केल्याची एकही तक्रार माझ्याविरुद्ध आली नाही!)

गेल्या गेल्या आमचा चहा बंद झाला. चहाऐवजी काढा. सकाळी काढा, दुपारी काढा, आणि संध्याकाळी बदल म्हणून कोमट काढा. फोन एका कापडी पिशवीत जमा. आणि सगळ्यांत वरताण म्हणजे, सकाळी उठल्यापासून आठची घंटा होईपर्यंत मौन. माझ्यासारख्या माणसाला सकाळी पेपर नाही, चहा नाही आणि बोलायचंही नाही, म्हणजे मग उठायचं कशासाठी?

जेवणात पहिल्याच दिवशी पळसाच्या पानावर चमचाभर हिरवी भाजी आली. पुण्याच्या एका बाईंनी डोळे मिटून घास घेतला आणि म्हणाल्या, असं काही आयुष्यात खाल्लं नव्हतं. माझी बायको सुशीला, तिचं माहेर आंजीचं. तीन पिढ्या वांगी, मेथी अन् सांबार (म्हणजे कोथिंबीर) पिकवून वर्ध्याच्या बाजारात नेणारं घर. तिने भाजी चाखली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, हा तं तरोटा हाये. आमच्या बांधावर पडला राह्यते." मी तिला गप्प बसवलं. पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता.

बाग मात्र स्नेहलने शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. नावाच्या पाट्याही मालकच सोबत आणणार होते. औषधी बाग म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर तुळस, कोरफड, अडुळसा असं काहीतरी दांडगं होतं, आणि ते कुठेतरी आत जंगलाकडे असेल असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाय मोकळे करायला स्वयंपाकघराच्या मागे गेलो आणि सुशीला जागच्या जागी थांबली. तिथे दहा-बारा वाफे होते. श्रावणाचे दिवस. वाफ्यांत तण असं माजलेलं की माती दिसेना. माका, आघाडा, पुनर्नवा, भुईआवळा, सगळी मंडळी हजर. एका वाफ्यात तेवढं टमाटरचं एक झाड होतं, तेही बिचारं अंग चोरून उभं.

आता हे नीट समजून घ्या. आंजीकडे बाई कशी आहे हे तिच्या वाफ्यावरून ठरतं. वाफ्यात तण दिसलं की रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबतात, बघतात, काही न बोलता पुढे जातात, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असतं. सुशीलाचे डोळे भरून आले.

"आठ महिने काय करून राह्यली हे पोरगी?" ती म्हणाली. "उद्या मालकानं हे पाह्यलं तं तिले उभ्या उभ्या घरी पाठवन."

मलाही गलबलून आलं. एकटी पोर, जंगलात, एवढा पसारा, कुठे कुठे बघेल? आईबाप कशासाठी असतात? आम्ही तिथेच ठरवलं, तिला सांगायचं नाही. सांगितलं तर तिला वाईट वाटेल. सकाळी उठायचं आणि गुपचूप निंदून टाकायचं.

सकाळी उजाडताच सुशीलाने स्वयंपाकघराच्या पडवीतून दोन खुरपी आणली आणि पदर खोचला. मी म्हणतो, त्या बाईचा हात बघावा! मूळ तुटू न देता, माती झटकून, टोपलीत. तिचे तीन वाफे होईपर्यंत माझा अर्धा झाला. तेवढ्यात योगासनाला निघालेले बाकीचे सहा जण तिकडून आले. मौन असल्यामुळे कोणी काही विचारलं नाही. आम्हीही काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. पुण्याच्या बाई सरळ खाली बसल्या. त्यांच्यामागे सगळेच बसले. आणि मी (हे मला आज कबूल केलं पाहिजे) प्रत्येकाजवळ जाऊन, मुळासकट कसं उपटायचं ते हाताने करून दाखवलं.

सातच्या सुमाराला लॉजचे माळी गुलाबराव आले. आम्हाला बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. मग डोक्याला लावले. मग छातीवर ठेवले. मला वाटलं, माणूस भारावून गेला. मी खालूनच नमस्कार केला आणि हातानेच सांगितलं, राहू द्या, आमच्याच घरचं काम आहे. त्यांनी तोंड उघडलं, तर पुण्याच्या बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्यांच्याकडे असं बघितलं की ते परत मिटलं. शेवटी ते स्नेहलला शोधायला पळाले. ती होती टेकडीवर, मालकांना फोन लावायला गेलेली.

आठला घंटा झाली तेव्हा वाफे आरशासारखे लख्ख होते. टमाटरच्या झाडाला सुशीलाने काडी रोवून आधारही दिला होता. टोपल्या एका उत्साही पाहुण्याने गोठ्यात नेऊन गाईंपुढे रिकाम्या केल्या होत्या. मी कंबर धरून उभा राहिलो आणि दोन तासांत पहिल्यांदा बोललो. गुलाबरावांना म्हटलं, "घ्या, झाली तुमची बाग साफ."

धापा टाकत परत आलेले गुलाबराव म्हणाले, "भाऊ, थेच बाग होती."

त्यांच्या मागून स्नेहल आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वाफ्याच्या कडेला बसली आणि मोकळ्या मातीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, एक एक रोप मी जंगलातून शोधून आणलं होतं."

सुशीला तिच्याजवळ जाऊन बसली. मी मात्र उखडलो. माणसाने चूक कबूल करायच्या आधी थोडं तरी उखडायला पाहिजे. मी म्हटलं, तण लावून लोकांना चारायचं असेल तर निदान कुंपणाला तसं लिहावं! आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत? आणि हे मौन कोणाच्या डोक्यातून निघालं? एक माणूस एक शब्द बोलला असता तर... बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्या हातातल्या खुरप्याकडे बघत आहेत. मी ते मागे लपवलं.

मालक येणार पाच वाजता. जंगलात पुन्हा शोधायला वेळ नव्हता. गोठ्यात बघितलं तर गाई रवंथ करत होत्या. आंजीला सुशीलाच्या भावाकडे जावं म्हटलं, तर त्याने चारच दिवसांपूर्वी बांधासकट तणनाशक मारलेलं. मग सुशीलाने सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "आपलं मागचं आंगण."

वर्ध्याच्या आमच्या घरामागे चार खाटा मावतील एवढी मोकळी जागा आहे. घर बांधलं तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ती साफ करा म्हणून सुशीला माझ्यामागे लागलेली आहे. दर पावसाळ्यात मी म्हणतो, या रविवारी करतो. त्यावरून आमचे अबोले झाले आहेत. एकदा ती त्यापायी माहेरीही निघून गेली होती.

आम्ही गाडी काढली. दोन तासांत वर्धा. मागचं दार उघडलं (ते उघडायलाच खांदा लावावा लागला) आणि आत जे उभं होतं ते बघून स्नेहल उंबरठ्यावरच थबकली. पुनर्नवा भिंतीवर चढलेली. माका गुडघाभर. भुईआवळा तर असा, की तिने हात जोडले. आघाड्यामागे आणखी दोन वनस्पती निघाल्या, ज्या तिला आठ महिने जंगलात फिरून मिळाल्या नव्हत्या. लागतील तेवढी रोपं आम्ही मातीसकट काढून पोत्यांत भरली आणि तीनच्या आत परत आलो. मग आठही पाहुणे, बोलत बोलत, लावायला बसले. देवाने वरून थोडी रिमझिम दिली म्हणून रोपांनी मान टाकली नाही.

मालक आले ते मोजकं बोलणारे गृहस्थ. वाकून वाकून प्रत्येक वाफा बघितला. टमाटरपाशी जरा थांबले आणि पुढे सरकले. पुनर्नवेचं पान बोटांत धरून त्यांनी विचारलं, "इतकी जोमदार रोपं कुठून आणली?"

सुशीलाने माझा हात धरला. स्नेहल म्हणाली, "वर्ध्याला एक जागा आहे सर. तिथे बावीस वर्षांत ना कुदळ लागली, ना औषध. माणसाचा हातच लागलेला नाही."

मालकांनी तिथल्या तिथे नोकरी पक्की केली. आणि जाताना सांगितलं, की हे शब्द पाटीवर लिहून बागेत लावा, अशी जागा आजकाल राहिली कुठे?

तीच ती पाटी. आता दर पावसाळ्यात स्नेहलचा फोन येतो, "बाबा, मागच्या आंगणाले हात नका लावजा," आणि सुशीला दाणदाण भांडी आपटते, पण तिला बोलता येत नाही. येणारेजाणारे पाटी वाचतात, माना डोलावतात. सगळं ठीक आहे. माझी तक्रार एवढीच आहे, की ज्या माणसाने बावीस वर्षं नेमाने तो हात लावला नाही, त्याचं नाव खाली लिहायला यांचं काय जात होतं?