मायच्या मेंढरांचं पान

आमच्या घरात मेंढरं मोजत नाहीत. कुणी विचारलंच, तर माय "हायत की, देवाच्या दयेनं" म्हणून विषय बदलायची. त्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्याकडे किती मेंढरं होती, हे मी इथंही लिहिणार नाही.

मी वेबसाइटी डिझाइन करते. परभणीत एका खोलीत बसून, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी. पूर्वी मी पानाचं चित्र काढायचे आणि पुण्यात बसलेला एक डेव्हलपर ते कोडात उतरवायचा. आमचं रोज भांडण. "तुझं हे चित्र साध्या फोनवर फाटतं," तो म्हणायचा. "मग तुझा कोड शिवून घे," मी म्हणायचे. हल्ली एआयला दोन ओळी लिहिल्या की चहा गाळेपर्यंत पान तयार होतं. तो बिचारा दिवसभर यंत्रानं लिहिलेला कोड वाचत बसतो आणि महिन्यातून एकदा मला 'जिवंत आहेस का' म्हणून मेसेज करतो. ती भांडणं गेली याचं मला खरंच वाईट वाटतं. काम कमी झालं, दिवस उरायला लागले, आणि उरलेले दिवस घेऊन मी पाथरीच्या बसमध्ये बसले. पाथरीपासून पुढं आमचं गाव.

गावी वेगळंच चाललं होतं. मायची नजर अधू झाली होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचा पडदा खराब. आहे तेवढं जपा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. उन्हात तिला बरं दिसायचं. ऊन उतरलं की मेंढरं आणि त्यांनी उडवलेली धूळ यांत तिला फरक कळायचा नाही. आणि मेंढरं रानातून वापस यायची वेळ नेमकी तीच.

बाप गेल्यापासून कळप तिनंच सांभाळला होता. रोज संध्याकाळी ती जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभी राहायची आणि मेंढरं आत शिरताना नुसती बघायची. शेवटचं आत गेलं की म्हणायची, "ती लाजाळू न्हाई आली." मग कुणीतरी कालव्याकडे पळायचं, आणि ती लाजाळू तिथं खरंच कपाशीच्या पऱ्हाटीत अडकलेली असायची. त्या हिवाळ्यात मात्र दोनदा मेंढरू मागं राहिलं आणि मायला ते सकाळपर्यंत कळलं नाही.

माझा भाऊ पाथरी-मानवत जीप चालवतो. तो वाईट नाही, भित्रा आहे, आणि त्याची भीती खरी होती.

"माय, एखांद्या दिशी तू कालव्यात पडशील. इकून टाकू मेंढरं."

"ज्या दिशी कोण मागं राह्यलं ते मला कळणार न्हाई, त्या दिशी इक."

"दोनदा न्हाई कळलं."

माय उठून जाळीकडे गेली. शेवटी भाऊच म्हणाला, होळीपर्यंत बघू. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. कळप राहतो की जातो, एवढंच. जेवतानासुद्धा कुणी कुणाकडे नीट बघत नव्हतं.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, पान बनवते. जे मेंढरू आत आलं त्याचा फोटो पानावरून निघून जाईल, जे राहिलं त्याचा फोटो उरेल. आमच्या रानात नेट पाहुण्यासारखं येतं आणि चहा न घेताच जातं. पण आता वेबचं पान एकदा उघडलं की फोनात घर करून राहतं. नेट नसलं तरी उघडतं, पासवर्ड मागत नाही, काही उतरवून घ्यावं लागत नाही. ही सोय मी चार वर्षं वापरत होते, तीही ज्यांचं नेट कधीच जात नाही अशा लोकांसाठी. ती आपल्या मायच्या कामाची आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली, दुसरं काय.

सगळ्यांचे फोटो काढले, एआयला सांगितलं, पान झालं. दिमाखात मायपुढं धरलं. पानाच्या वरच एआयनं मोठ्या चौकटीत 'एकूण' लिहून आकडा टाकला होता. मायला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तिनं फोन घोंगडीवर पालथा घातला.

"मोजलीस?"

"म्या न्हाई, यंत्रानं मोजली."

"यंत्राची बी नजर लागती." ती उठली, मीठ-मिरच्या घेतल्या, कळपावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मिरचीच्या ठसक्यानं मीच अर्धा तास खोकत होते.

मी एआयला सांगितलं, आकडा काढ. त्यानं काढला आणि त्याच्या जागी एक गोल काढून दिला, 'आज परतलेल्या मेंढ्यांचं प्रमाण'. तोही काढ म्हटलं, तर खाली बारीक अक्षरांत 'शिल्लक' आलं. मोजल्याशिवाय त्याला चैनच पडेना. आधी मी त्याला मनापासून शिव्या दिल्या. मग आठवलं, हे माझ्याच धंद्यातून शिकलंय. दहा वर्षं मी तेच करत आले होते. पानावर किती आले, किती क्षण थांबले, कितींनी बटण दाबलं. कोण आलं होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. शेवटी बाजेवर बसून ते आकडे मी माझ्या हातानं खोडले. पुण्याच्या त्या भांडकुदळ माणसानं भांडता भांडता शिकवलेला कोड कामी आला.

मग आम्ही दोघी रानात फिरायला लागलो. ते दिवस मला सलग आठवत नाहीत, झोपेत ऐकल्यासारखे आठवतात. सकाळी कालव्यावरून धुकं उठायचं आणि त्यात मेंढरं नुसती आवाजानं असायची. त्यातून एक तोंड पुढं यायचं, माय ते दोन्ही हातांत धरायची आणि अगदी नाकाजवळ नेऊन बघायची. "ही पाण्यावर कायम शेवटी येती." "हिला डाव्या अंगानं हात लावला की दचकती." "ही दुसरीच्या कोकराला बी पाजती, लय मायाळू हाय." मी पानावर वय, रंग, वजन अशा चौकटी करून ठेवल्या होत्या. माय सांगत होती त्यातलं एकही त्या चौकटींत बसेना. चौकटी पुसल्या आणि ती बोलेल तसं लिहीत गेले. दुपारी बाभळीखाली डोळा लागायचा. हातातला फोन पोटावर, उन्हानं स्क्रीन पांढरी झालेली. अर्धवट झोपेत मला ते पानच चरताना दिसायचं. हळूहळू पुढं सरकायचं, मान वर करायचं, पुन्हा चरायचं. जाग आली तरी बराच वेळ कुठली मेंढरं रानातली आणि कुठली फोनातली, ते कळत नसे. तसं सुख मला परभणीच्या खोलीत कधी मिळालं नाही.

संध्याकाळची रीत अशी बसली. माय जाळीच्या तोंडाशी उभी. आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या डोक्यावर तिचा हात फिरायचा, आणि हाताला कळेल तसं ती म्हणायची, "दचकी. मायाळू. पाण्यावरची." मी शेजारी उभी राहून फोनवर त्या त्या फोटोला बोट लावायचे. फोटो विरून जायचा. शेवटी पान कोरं राहिलं की आम्ही दोघी चुलीकडे वळायचो. एका संध्याकाळी एक फोटो उरला. माय म्हणाली, कोण? मी सांगितलं. भाऊ बॅटरी घेऊन गेला आणि मेंढरू खांद्यावर घालून आला. त्या दिवशी तो विकायचं बोलला नाही. मी जिंकलेच होते.

फक्त धंद्याचा किडा आत वळवळत होता. जे पान वापरताना बनवणारी शेजारी उभी लागते, ते पान नापास. उद्या मी परभणीला गेले की फोटोला बोट कोण लावणार? माय बोलेल आणि पान ऐकेल, असं काहीतरी करायचं ठरवलं. ब्राउझरला आता ऐकू येतं. त्याला मायची बोली शिकवावी लागेल, दोन आठवडे लागतील. होळीला महिना होता.

एक दिवस फोन घरात चार्जिंगला विसरला आणि मी तशीच जाळीशी जाऊन उभी राहिले. कळप आला. तांबूस धूळ, घंटीचा आवाज, मायचा हात. मी उगाच बघत होते. शेवटचं मेंढरू आत गेलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "माय, पाण्यावरची न्हाई आली."

 मायचा हात तसाच हवेत होता. मी कालव्याकडे पळाले. ती तिथंच होती, काठावर, एकटी, निवांत पाणी पीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापता थापता माय भावाला म्हणाली, "त्या मानवतच्या पाव्हण्याला सांगावा धाड. मेंढरं घिऊन जा म्हनावं."

मी ताट आपटलं. "आता तर जमलंय! आता कामून?"

"आता जमलंय म्हणूनच," ती म्हणाली. "मी मेंढरं देली तर ह्यांला वळखणारं दुनियेत कोणी राहणार न्हाई, ह्याचंच भ्या होतं मला. नुसतं मटण म्हणून राहतील. आता तू वळखायलीस."

"म्या तुझ्यासाठी केलं होतं ते सगळं."

"मग? माझ्यासाठीच झालं की."

मला भयंकर राग आला. मग रडू आलं, आणि तव्यावर भाकरी करपली. तिनं सांगितलेलं कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं, असं मला अजून वाटतं. मी जाळीपाशी उभी राहायला शिकले होते, आणि मी जन्मभर तिथंच उभं राहावं असं तिला वाटत नसावं. विचारलं तर ती कबूल करणार नाही, म्हणून विचारलं नाही.

पाहुणा आला. नात्यातलाच, पिढीजात मेंढपाळ, हळू बोलणारा. टेम्पोत चढवताना माय मला म्हणाली, "सांग त्याला." मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगत गेले. ही दचकते, ही मागं राहते, हिला एकटं ठेवू नका. फोन खिशातच होता. पाहुणा मान खाली घालून ऐकत होता. मधेच त्यानं विचारलं, "ताई, तुमी कोणत्या साली राखायला होत्या?" मला हसू आलं आणि मी पुढच्या मेंढराच्या डोक्यावर हात ठेवला. पान त्यालाही पाठवलं. ते त्याच्या फोनात उघडलं, तेव्हा टेम्पो सुरू झाला होता.

त्या संध्याकाळी माय सवयीनं जाळीच्या तोंडाशी जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसले. आत नुसत्या लेंड्या आणि तुडवलेला पाला. ऊन उतरलं तसं ती म्हणाली, "घे आत."

मी समजले. एकेक करून सगळ्यांना आत घेत गेले, मोठ्यानं. दचकी, मायाळू, लाजाळू, पाण्यावरची. तिचा हात गुडघ्याएवढ्या उंचीवर हवेत फिरत होता. माझं सांगून झालं, तरी तो खाली आला नाही.

"एक राह्यली," ती म्हणाली.

कोणती, ते मला काही केल्या आठवेना. फोनात बघितलं असतं तर लगेच सापडली असती. माय घाई करत नव्हती, वाट बघत होती. मी डोळे मिटले आणि कळप पुन्हा पहिल्यापासून आत घ्यायला लागले.