सगळीकडून दिसणारा दिवा

आमची आत्या एका छोट्या कारखान्यात आगीचे डिटेक्टर काढते. काढते म्हणजे कागदावर. छताला चिकटलेली ती पांढरी वाटी, जिच्याकडे सहसा कोणी मान वर करून बघत नाही, तिचा प्रत्येक गोल आत्याच्या हातून उतरलेला असतो. कारखान्यात तिला ‘गोलबाई’ म्हणतात. आत्या अंगाने काटकुळी आहे, त्यामुळे नवीन माणूस हाक मारताना जरा अडखळतो.

वीस वर्षं त्या वाटीच्या एका कडेला मण्याएवढा एकच तांबडा दिवा होता. धूर लागला की घंटा होणार, आणि ज्या वाटीला धूर लागला तिचा दिवा पेटून राहणार, म्हणजे आग कुठे आहे ते कळणार. बसवताना दिव्याचं तोंड दाराकडे ठेवायचं, हा नियम. त्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

मग एका रुग्णालयातल्या मेट्रनबाईंचं पत्र आलं. त्यांच्या वॉर्डाला दोन दारं होती. घंटा झाली तेव्हा माणसं मागच्या दाराने धावत आली आणि त्यांना आठच्या आठ वाट्यांची पाठ दिसली. कुठे पेटलंय कळेना, म्हणून त्यांनी सगळा वॉर्ड बाहेर आवारात नेला, ताजे टाके घातलेल्या पेशंटांसकट. निघालं काय, तर कोणीतरी लपवून टोस्टर आणला होता आणि पाव जळला होता. पत्रात आरडाओरड नव्हती. एवढंच विचारलं होतं, की हा दिवा कोणासाठी असतो?

मालकांनी पत्र आत्याच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “याचं काहीतरी बघा.”

आत्याने बघितलं. तिने मणी काढून टाकला आणि वाटीभोवती पारदर्शक प्लास्टिकची कडी घातली. आत दिवा एकच, पण त्याचा उजेड कडीतून फिरून चारी बाजूंना सारखा पडायला हवा. तो सारखा पडेपर्यंत चौदा महिने गेले.

ते चौदा महिने आमच्या घरानेही काढले. नमुने आमच्याच छताला लटकत. आत्या शिडीवरून हाका मारायची. वहिनी म्हणजे माझी आई, दादा म्हणजे बाबा.

“वहिनी, ओट्यापासून दिसतो का?”

“दिसतो.”

“दादा, तुला?”

“दिसतो गं बाई. आंघोळीला जाऊ का आता?”

“जा. पण आतून एकदा बघ, दार उघडं ठेवून.”

“आंघोळ करताना?”

“आधी रे!”

आईचं म्हणणं, या घरात माणसं हल्ली छताकडे बघून बोलतात, पाहुण्यांना वाटतं वरून गळतंय.

शेवटी मालकांनी अट घातली. लेथवर एकेक कडी कातून आठ नमुने करायचे आणि महिनाभर मेट्रनबाईंच्याच वॉर्डात लावायचे. त्यांनी सही केली तर नवीन साचा बनेल. नाही केली तर जुना मणी चालू राहील, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. आत्या “बरं” म्हणाली. त्या आठवड्यात तिने दोनदा चहात मीठ घातलं.

दहाव्या दिवशी मेट्रनबाईंचा निरोप आला, येऊन बघून जा. आत्या कारखान्यातल्या फिटरला घेऊन गेली. आठांपैकी सात कड्यांना जखमेवर लावायची चिकटपट्टी गुंडाळलेली होती. आठव्या वाटीजवळच्या खाटा रिकाम्या होत्या.

“हे कोणी केलं?” आत्याने विचारलं.

“मी,” मेट्रनबाई म्हणाल्या. “नाहीतर पेशंट शिडीवर चढले असते.”

डिटेक्टर चालू आहे हे कळावं म्हणून ती कडी दर दहा सेकंदांनी लुकलुकायची. पाच नंबरच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. “बाई, डाव्या कुशीवर झालो तरी हा दिसतो. उजव्या कुशीवर झालो तरी दिसतो. पालथं झोपायला डॉक्टरांची मनाई आहे.”

समोरच्या खाटेवरच्या मावशी म्हणाल्या, “डोळा मारतो मेला. या वयात!”

फिटर परत येताना म्हणाला, “सगळीकडून दिसतो, ही तक्रार आपल्याकडे पहिलीच.”

आत्या घरी येऊन बराच वेळ चपला न काढता बसली. दिसतो का, हे तिने सगळ्यांना शंभरदा विचारलं होतं. बघवतो का, हे कोणालाच नाही.

“अगं, आम्हाला वाटलं तुला माहीत असेल,” आई म्हणाली. “आम्ही केव्हाचे डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपतो.”

दुसऱ्या दिवशी आत्याने कागद पसरला. आग लागली तर दिवा सगळ्यांना दिसायला हवा. आग नसताना मात्र तो एकाच माणसाला हवा असतो, जो तपासायला येतो त्याला. तिने कडीची लुकलुक बंद केली आणि वाटीच्या बरोबर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक ठेवलं, खोल नळीसारखं. लुकलुकीचा वेगळा बारीक दिवा त्याच्या आत. नेमकं खाली उभं राहिलं तरच दिसेल, आणि वाट्या होत्या खाटांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर, कोणाच्या उशीवर नव्हे. चौदा महिने उजेड पसरवणाऱ्या बाईने पुढचे बारा दिवस तो अडवण्यात घालवले.

महिना संपायच्या आत ती पुन्हा वॉर्डात गेली. फिटरने लांब दांडीवरून एका वाटीला धूर दिला. घंटा झाली, कडी तांबडी झाली. मेट्रनबाईंनी ती मागच्या दारातून बघितली, पुढच्या दारातून बघितली, खिडकीपाशी जाऊन बघितली, मग मावशींच्या खाटेवर बसून बघितली. फिटरने घंटा बंद केली तशी कडीही विझली.

“आणि एरवी हे चालू आहे की मेलंय, मला कसं कळणार?”

“इथे उभ्या राहा. आता वर बघा.”

मेट्रनबाईंनी मान वर केली. “आहे.” एक पाऊल बाजूला सरकल्या. “गेला.” पुन्हा जागेवर आल्या. “आहे.” आठही वाट्यांखाली त्यांनी असंच पुढेमागे केलं. सगळा वॉर्ड बघत होता. आत्याच्या हातातला सहीचा कागद घामाने मऊ पडला होता.

“बाई, हे बिघडलंय,” आजोबा खाटेवरून म्हणाले. “केव्हापासून बघतोय, काही लुकलुकत नाही.”

“म्हणूनच सही करतेय,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि पेनासाठी हात पुढे केला.

पेन आजोबांनीच दिलं, आणि सही पुरी होईपर्यंत ते परत मागत राहिले.