तांब्याला लावलेली दोन बोटं

पाण्याचा तांब्या पुढं आला की आमचे खासदारसाहेब त्याच्या काठाला दोन बोटं लावायचे, तीच बोटं कपाळाला टेकवायचे आणि म्हणायचे, "तहान नाय, बाय." तुम्ही त्यांच्या एखाद्या सभेला गेला असाल तर हे पाहिलंच असेल. वर्तमानपत्रात त्यांचा हात जोडलेला फोटो यायचा, तो आम्हाला कुणा दुसऱ्याचाच वाटायचा. आमचा खासदार म्हणजे ती दोन बोटं.

मी त्यांच्या पक्षाचा नव्हे. जव्हारला माझं मांडव आणि माईकचं दुकान आहे, त्यामुळं मी सगळ्याच पक्षांचा. दुपारी ज्याला निवडून द्यायचं, संध्याकाळी त्यालाच पाडायचं, भोंगे तेच. पण साहेबांच्या सभा मोखाड्याकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर असायच्या आणि तिथं माझा टेम्पो चढायचा नाही. मग ते भोंगे आपल्या जीपमध्ये टाकायचे आणि मला पुढं बसवायचे. मांडीवर अ‍ॅम्प्लिफायर घेऊन मी त्यांच्याबरोबर जेवढा फिरलो, तेवढा त्यांचा मुलगाही फिरला नसेल.

माणूस मूळचा इथल्याच एका पाड्यावरचा. आधी आश्रमशाळेत मास्तर, मग खासदार, आणि एकदा झाला तो होतच राहिला. मास्तरकी मात्र गेली नाही. सभेत मागं कुणी कुजबुजलं की भाषण थांबवून विचारायचे, "झालं का तुमचं? मग मी बोलू?" दिल्ली कशी आहे असं कुणी विचारलं, तर एकच उत्तर, "सपाट आहे."

मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या पाणीटंचाईवर ते संसदेत बोलले, ते मी दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. आजूबाजूची बाकं रिकामी होती. वेळ संपल्याची घंटा झाली आणि त्यांचा माईक बंद पडला. ओठ हलतच होते. आमच्या धंद्यात बोलत्या माणसाचा माईक बंद केला तर मार खावा लागतो. परत आल्यावर मी विचारलं, "पुढं काय बोललात साहेब?"

"जे दर वेळी बोलतो तेच," ते म्हणाले.

पुढं सूर्यमाळच्या पाड्यांवर नळ आले, पाणी आलं नाही. उन्हाळ्यात बायका दरीतल्या झऱ्यावर जाऊन वाटीवाटीनं हंडा भरतात आणि तो डोक्यावर घेऊन वर चढतात. साहेब तिथं पाणी पीत नसत ते यासाठी. मला एकदा जीपमध्ये म्हणाले, "आपण एक तांब्या प्यायलो की त्या बाईला अर्धा डोंगर पुन्हा चढावा लागतो. तूही पिऊ नकोस." मग मी बाटली घेऊन जायचो आणि चोरासारखी खाली वाकून प्यायचो.

सूर्यमाळच्या एका पाड्यावरची एक बाई दर निवडणुकीला तांब्या घेऊन सगळ्यांच्या आधी पुढं यायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या कडेवर मुलगी होती, शेवटच्या निवडणुकीला त्या मुलीची मुलगी होती. तेव्हाही साहेबांनी दोन बोटं लावली. "तहान नाय, बाय."

तिनं तांब्या मागं घेतला आणि सगळ्यांसमोर मातीत ओतला. ऐन मे महिन्यात.

"इतके वरसां दारावरनं सुकाच जातंस," ती म्हणाली. "आमचे हातचा पानी नाय चालं का तुला? मोठा झालास म्हनून आम्ही बाटलो काय?"

माईक चालू होता. भोंग्यावरून सगळ्या पाड्यानं ऐकलं. साहेब भाषण न करताच जीपमध्ये येऊन बसले.

जीप डोंगर उतरायला लागली तेव्हा म्हणाले, "मी तिचं पाणी वाचवत होतो रे."

"हे तिला कधी सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?"

जन्मभर भाषणं केलेला माणूस. एवढं एक वाक्य तेवढं बोलायचं राहिलं होतं.

ती निवडणूक ते हरले. पाण्यामुळं नव्हे, हवाच बदलली होती. त्यांच्या जव्हारच्या घरासमोर चपलांचा ढीग असायचा, तो गेला. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. त्यांचा एकच विषय असायचा. सूर्यमाळला जायचं आणि तिच्या हातचं पाणी प्यायचं.

"उद्या जाऊ," मी म्हणायचो.

"आत्ता नको. पाऊस होऊ दे, झरे भरू देत. मग तिला जड जाणार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं सगळं होऊनही ते तिचं पाणीच वाचवत होते.

पाऊस झाला आणि त्यांच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी नाशिकच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी पाणी बांधून दिलं. सूनबाई वाटीनं मोजून द्यायच्या. साहेब त्या वाटीकडं बघत बसायचे. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटेनासं झालं होतं, नुसतं बधिर वाटायचं.

लग्नसराईत मी सूर्यमाळला माईक घेऊन गेलो, तेव्हा त्या बाईला सगळं सांगितलं. साहेब पाड्यावर पाणी का पीत नव्हते, तेही. तिनं एवढंच विचारलं, "मंग आता पानी बंद?"

"मोजून देतात."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती एसटीनं जव्हारला उतरली. हातात तांब्या, त्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं. डेपोतून मीच तिला घरी नेलं. सूनबाई माझ्याकडं बघायला लागल्या, मी मानेनं हो म्हटलं. त्यांनी त्या वेळचं पाणी वाटीत काढून ठेवलं होतं. ते त्यांनी मोरीत ओतलं आणि बाजूला झाल्या.

बाईनं खाटेपाशी जाऊन तांब्या पुढं केला. साहेबांचा हात वर आला आणि सवयीनं दोन बोटं काठाला लागली. बाईनं तांब्या मागं घेतला नाही. मला वाटलं, आता बोटं कपाळाला जाणार.

"लागलीय, बाय," ते म्हणाले. "तहान लागलीय."

तिनं मानेखाली हात घालून त्यांना पाजलं. वाटीभरच. मग तिनं स्वतःच तांब्या काढून घेतला, उरलेल्या पाण्यावर फडकं बांधलं आणि ते एसटीतून सूर्यमाळला परत घेऊन गेली.

साहेब त्याच महिन्यात गेले. जव्हारच्या शोकसभेला माईक माझाच होता. मंचावर पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. सगळे चांगलं बोलले, मी आवाज कमी-जास्त करत राहिलो. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

परवा एका हळदीसाठी पुन्हा सूर्यमाळला गेलो होतो. नळ अजून कोरडेच आहेत. ती बाई दारातून तांब्या घेऊन आली. माझ्या पिशवीत बाटली होती आणि तहान अजिबात नव्हती. मी तांब्या घेतला आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्यायलो.