काकांच्या खिशातला ओटीपी

आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आवाज चढले की आई आधी कोयते लपवायची आणि मग आम्हा पोरांना. या क्रमाचा मला लहानपणी फार राग यायचा. पुढे कळलं की तिचंच बरोबर होतं.

भांडण बाबांचं आणि मोठ्या काकांचं. सख्खे भाऊ, एका भिंतीला दोन घरं आणि खळ्याच्या मधून गेलेला गडगा. जांभ्याचे दगड नुसतेच एकावर एक रचून केलेली कंबरेएवढी भिंत. बाबांचा धंदाच तो, लोकांच्या बागांना गडगे घालायचा. लोकांचे गडगे वर्षानुवर्षं टिकले, घरचा काही टिकला नाही. तो हातभर आपल्या हद्दीत सरकवलाय, असं काकांचं म्हणणं. त्यांनी तो पाडला, बाबांनी पुन्हा घातला. पुन्हा पाडला तेव्हा त्यातलाच एक दगड बाबांच्या कपाळावर बसला. मी तेव्हा आठवीत होते. भुवई फाटून रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं, आणि बाबा ते पुसायचं सोडून पहार शोधत होते. दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या. तेव्हापासून दोन घरांतलं बोलणं बंद झालं. मारामारी मात्र बंद झाली नाही.

त्याच्या आधी, बरे दिवस होते तेव्हा, शाळेत आधार कार्डाचं शिबिर लागलं होतं. मशीनवरच्या माणसाने मोबाईल नंबर विचारला. आमच्यात फोन एकच, काकांचा, मुंबईची नोकरी सोडून येताना आणलेला. मोठ्याचा नंबर दिला म्हणजे घराचा दिला, असं सगळे धरून चालत. बाबांनी अभिमानाने तो पाठ म्हणून दाखवला. आईचा तोच, माझाही तोच. शाळेने बँकेत खातं काढून दिलं तिथेही तोच लिहिला. पुढे दगड उडाले, डोकी फुटली, तरी नंबर होता तिथेच राहिला. कुणाच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

बारावीनंतर मला रत्नागिरीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती आली तर शीक, नाहीतर आईबरोबर काजूच्या कारखान्यात बस, असं बाबांनी सांगून ठेवलं होतं. ते धमकी देत नव्हते, खरं तेच सांगत होते. कारखाना मला माहीत होता. सुट्टीत मी तिथेच काजू फोडायला जायचे. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी जळते, सोलते, काळी पडते. कितीही राख लावा, व्हायचं ते होतंच.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, सगळ्यासाठी तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवले. एकाची सही मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सेवा केंद्रात बसले तेव्हा वाटलं, सुटले. केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, आता फक्त आधारची ओळख पटवायची, अंगठा ठेव. ठेवला. मशीनने घेतला नाही. मग एकेक करून सगळी बोटं ठेवली. ताईंनी माझा हात उलटा करून पाहिला. बोटांवरच्या रेषा काजूने खाल्ल्या होत्या. नवी कातडी आली की येतील म्हणाल्या, पण तोवर मुदत कोण थांबवणार? मग त्या म्हणाल्या, ओटीपी पाठवू, म्हणजे आधारला जोडलेल्या फोनवर आकडे येतात तेच घालायचे. त्यांनी स्क्रीनवरचे नंबराचे शेवटचे आकडे वाचले. नंबर काकांचा होता. नंबर बदलायला किती दिवस लागतील, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तरी विचारलं. नव्हताच अर्थ.

संध्याकाळी मी गडगा ओलांडून काकांच्या पडवीत गेले. कित्येक वर्षांत आमच्यातलं कुणी तिथे दगडाशिवाय गेलं नव्हतं. काका सुपारी कातरत होते. मी उभ्याने सगळं सांगितलं. उद्या सकाळी तुमच्या फोनवर आकडे येतील, ते मला फोन करून सांगा, एवढंच मागितलं. काकांनी शर्टाच्या खिशातल्या फोनवर हात ठेवला, तो चोरीला जाईल तसा.

"तुज्या बापसाला सांग, गडगा होता तिथं घाल," ते म्हणाले. "आन तक्रार मागं घे म्हणावं. मग सांगतो आकडे."

मला रडू आलं नाही, संताप आला. पण अडलेली मी होते. परत येऊन आईच्या कानात सांगितलं, आणि नेमकं ते बाबांनी ऐकलं. आईला कोयते लपवायला सवड मिळाली, पहार मात्र दाराशीच होती.

बाबा एका उडीत पलीकडे गेले. पहिला तडाखा पडवीच्या खांबावर बसला म्हणून काका वाचले. काकांनी अडकित्ता फेकून मारला, तो बाबांच्या कानाला चाटून गेला. मग दोघं खळ्यात एकमेकांवर पडले. काकी ओरडत होत्या, आई बाबांचं पाऊल धरून ओढत होती. बाबांनी काकांचं तोंड जमिनीवर आपटलं, एकदा आणि परत एकदा. ओठ फुटला. त्या झटापटीत खिशातला फोन बाहेर पडला. बाबांना तो दिसला. माझ्या पोरीला अडवतोस, असं म्हणत त्यांनी गडग्यातला चिरा उचलला आणि फोनवर घातला. काच उडाली. दुसऱ्यांदा उचलला.

तो चिरा खाली येण्याआधी मी हाताला लागला तो धोंडा उचलून बाबांच्या पाठीत घातला. सगळा जोर लावून. ते गुडघ्यांवर आले. चिरा बाजूला पडला. मला आजही त्याचं वाईट वाटत नाही.

दोघे भाऊ मातीत बसून माझ्याकडे बघत होते. एकाच्या तोंडातून रक्त, दुसऱ्याला श्वास घेता येत नव्हता. माझ्या हातात दुसरा धोंडा होता, तो कधी घेतला आठवत नाही. मी म्हणाले, "माझं कॉलेज गेलं ना, तर दोघांचीही डोकी मीच फोडीन."

काकांनी फोन ओढून घेतला. मागचं झाकण काढलं, सिम बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि उजेडात धरून पाहिलं.

"सिम चांगला हाय," ते म्हणाले.

सकाळच्या एसटीत काका माझ्या पुढच्या सीटवर होते, सुजलेला ओठ पंच्यात झाकून. सिम माझ्या हातात द्यायला तयार नव्हते. केंद्रात माझ्या फोनमध्ये त्यांनी ते स्वतः घातलं, आकडे आले ते स्वतः वाचले, मोठ्याने, एकेक करून. ताईंनी भरले. अर्ज गेला. येताना त्यांनी सिम काढून घेतलं आणि शेजारी न बसता मागे जाऊन बसले.

पैसे जमा झाल्याचा मेसेज त्यांच्याच नव्या फोनवर आला. काकींनी गडग्यावरून आईला सांगितलं. बाबा पुढच्या बाजूला कोयत्याला धार लावत होते, त्यांनी मान वर केली नाही. पण अजून दुखणारी पाठ शेकून घ्यायला रात्री मला बोलावलं.

आता नंबर बदलून घे, असं कॉलेजातल्या मॅडमनी बजावलं होतं. मी बदलला नाही. अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, त्याचा ओटीपी काकांच्याच फोनवर येतो, आणि हे दोघांनाही माहीत आहे.

गडग्यावरून पुढच्या वर्षी पुन्हा जुंपली, अर्जाच्याच दिवसांत. बाबा दांडका घेऊन गडग्यावर चढले होते. काका पलीकडून पहार घेऊन धावत आले, आणि मध्येच थांबले. त्यांनी खिशातून फोन काढला, तुळशीच्या कट्ट्यावर नीट ठेवला, वर पंचा टाकला. बाबा दांडका उगारून तोवर तसेच उभे राहिले. फोन ठेवून झाल्यावर काका वळले, आणि मग त्यांनी एकमेकांना मारायला सुरुवात केली.