फरशीवरचा रोवणा

नव्वदच्या दशकात मी मूल गावच्या राईस मिलमध्ये कारकून होतो. एकदा कामानं चंद्रपूरला गेलो आणि परतीच्या बसला वेळ होता म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच चित्रसंग्रहालयात शिरलो. तिथली शांतता पाहून दबकलोच. इतरांसारखे हात मागे बांधून, काही न कळता मान डोलवत फिरू लागलो.

धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, एका भल्यामोठ्या चित्रापुढे एक म्हातारी उभी होती. चपला तिनं दाराशीच काढल्या होत्या. ती एकदम मोठ्यानं हसली.

"काऊन हसता, बाई?" मी विचारलं.

"पाहा ना भाऊ, या बायांच्या मागं धान रोवलेलं हाये आन् पुढं नुसता चिखल. रोवणा तं मागं सरकत करतेत. ह्या आपलंच धान तुडवत आल्या!"

माझं आयुष्य धानात गेलेलं, पण मला काही ते दिसलं नव्हतं.

तिथले साहेब धावत आले. "बाई, मोठ्या चित्रकाराचं चित्र आहे ते."

"असन. पण त्यानं रोवणा केला नाई."

तिनं पदर खोचला आणि वाकली. डाव्या हातात रोपांची जुडी असल्यासारखी, उजव्या हातानं चकचकीत फरशीत रोपं खोवत ती एकेक पाऊल मागे जाऊ लागली. माणसं चित्रांकडे पाठ करून तिच्याकडे बघत राहिली. दालनाच्या पार टोकाला पोचल्यावर तिनं मान वर केली. साहेब मधोमध उभे होते.

"साहेब, बाजूले व्हा. धानात उभे हाये तुमी."

आणि साहेबांनी बुटाचा पाय उचलून, अगदी जपून, बाजूला ठेवला.