खुर्ची, चौरंग, पाट

न्हाणीत पडले तेव्हा मोडलं काहीच नाही. कराडच्या डॉक्टरांनी फोटो काढून तसं सांगितलं, तरी मला खुर्चीत बसवायचं घरात ठरलं. आमच्याकडे सासूला बसवून खायला घालणं हा सुनेचा मान. त्यात माझी सून गुणाची, म्हणून माझी आणखीच पंचाईत. पाणी हातात, ताट हातात, तोंड धुवायला तांब्यासुद्धा हातात. "आत्याबाई, तुमी उठायचं न्हाई," हे तिचं पालुपद. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नशीब काढलंस बघ." मलाही गोड वाटायचं, खोटं का बोलू?

या सुखानं माझ्या पायांतला जीवच काढून घेतला. मांड्या सुकल्या. खुर्चीचे हात धरल्याशिवाय उठता येईना, अंगणात उतरताना तोल जाई. उकिडवं बसणं तर संपलंच, आणि तिथंच घोडं अडलं. आमची म्हैस गाभण होती, दिवाळीच्या सुमारास विणार होती. ती माझ्याशिवाय कुणाला धार देत नाही. सून बसली की पान्हा चोरते, लेक बसला की लाथ मारते. लेकानं एक दिवस सांगून टाकलं, "आई, म्हस व्याली की धार कोण काढणार? फलटणच्या व्यापाऱ्याला इकून टाकू."

मी तोंडाला पदर लावून रडले. ती जन्मली तेव्हा माझ्या जुन्या लुगड्यानं मीच तिला पुसलं होतं.

कराडला डॉक्टरांकडं व्यायाम शिकवणाऱ्या पोरीला मी थेट विचारलं, "मला म्हशीखाली बसायचंय. जमंल का?" ती हसली नाही. म्हणाली, "आजी, बसून बसून स्नायू झडतात, पण या वयातही ते परत भरतात. हात न टेकता खुर्चीतून उठायला शिका. मग हळूहळू खाली या. आणि डाळ, अंडी, दूध पोटात जाऊ द्या."

हे ऐकायला आमचे मालक बरोबर होते. पलटणीतून हवालदार होऊन आलेले. घरात त्यांचा हुकूम कुणी ऐकत नाही, त्यांना आयता रंगरूट सापडला! सकाळी चहा झाला की सुरू. "हात छातीवर! उठ! बैठ! आराम से!"

"आवं, मी बायकू हाय तुमची, रंगरूट न्हवं."

"रंगरूट एवढं बोलत न्हाई."

खुर्ची जमल्यावर चौरंग आला. त्यावर मी धाडकन आपटायचे. आज नको म्हटलं की मालक म्हणायचे, "बरं. व्यापाऱ्याला फोन लावू?" असा संताप यायचा! त्या संतापातच उठायचे. ओट्याला धरून बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायचे, तेव्हा शेजारीण फिदीफिदी हसायची. हसू दे. सून मात्र रडकुंडीला आली, लोक काय म्हणतील म्हणून. तिला म्हटलं, "मला धरू नगंस. नुसती जवळ हुबी ऱ्हा." मग चौरंग गेला, पाट आला.

म्हैस पहाटे व्याली आणि ऊन चढायच्या आत लेकानं बोलावलेला व्यापारी दारात हजर. मी बादली उचलली आणि गोठ्यात गेले. कास धुतली, उकिडवी बसले, बादली गुडघ्यांत धरली. म्हशीनं मान वळवून मला हुंगलं आणि पान्हा सोडला. पिवळाधमक चीक बादलीत वाजायला लागला तसं मला रडूच फुटलं.

आता उठायचं होतं. सुनेचा हात पुढं आला. मालक दारातून गरजले, "हात लावू नको!" बादली बाजूला ठेवली, पाय रोवले, अंग पुढं झुकवलं. गुडघे कटकट वाजले, पण उठले. माझी मीच.

अंगणात व्यापारी ताटकळत उभा होता. मी माझी खुर्ची त्याच्याकडं सरकवली.

"बसा पाव्हणं. म्हस द्यायची न्हाई. पण खरवस खाऊन जावा."