एका पानाला सव्वातीन सेकंद

आधी कबूल करून टाकते. त्या रविवारी मी माझ्या आत्यावर ओरडले. ‘तुला गेममधलं काय कळतं गं?’ असं सरळ तोंडावर म्हणाले. आता आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते. पण मी पडले तापट. आधी भडका, मग विचार.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय सदुसष्ट. लग्न केलं नाही, पहिल्यापासून आमच्याकडेच असते. सव्वीस वर्षं ती औषधी झाडांच्या मळ्यात पानं खुडायला जायची. सकाळी साडेसहाला डबा घेऊन बाहेर, संध्याकाळी बोटं हिरवी करून घरी. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख अजून जाड आहे, आणि त्यानं ती पाकिटं फोडते, दोरा तोडते, संत्रं सोलते. आमच्या घरात कात्री कधीच जागेवर सापडत नाही, कारण ती लागतेच कुणाला? हाक मारली की आत्या हजर. काम करणाऱ्या माणसाकडे दोन मिनिटं बघितलं की हिच्या हाताला खाज सुटते. ‘सरक बाजूला, दे इकडे,’ हे तिचं आवडतं वाक्य.

आणि मी काय करते? व्हिडिओ गेममधली माणसं चालतात, वाकतात, वस्तू उचलतात, त्या हालचाली मी बनवते. आमचा स्टुडिओ म्हणजे एका सायकलच्या दुकानावरचा मजला. अकरा माणसं, दोन खिडक्या आणि एक कुरकुरणारा पंखा. आमच्या गेममध्ये एक वैदीण आहे. ती तीस वर्षं जंगलात राहतेय, पाला, फुलं, मुळ्या गोळा करते आणि त्यांची औषधं बनवून गावं बरी करते. म्हणजे गोळा करणं हाच तिचा जीव. ते गोळा करणं माझ्या वाट्याला आलं होतं.

चौदा महिने खपले हो मी! एकशे बारा हालचाली. ऑफिसच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या, समोर कॅमेरा लावला आणि स्वतःच पानं तोडून चित्रण केलं. मग ते बघत बघत वैदिणीला शिकवलं. ती गुडघ्यात वाकायची, हात लांब करायची, पान तोडायची, डोळ्यांसमोर धरून बघायची, पिशवीत ठेवायची, उठायची. एका पानाला सव्वातीन सेकंद. ते पान बघणं तर सगळ्या ऑफिसला इतकं आवडलं! ‘काय भाव आहे! झाडाचे आभार मानतेय जणू!’ मी मान डोलवून कौतुक घेतलं. खरं सांगू? मला अळ्यांची भयंकर भीती वाटते. प्रत्येक पान मी उलटसुलट करून अळी आहे का बघत होते, आणि तेच तिच्या अंगात उतरलं होतं.

मग गेम खेळून बघायला बाहेरची माणसं बोलावली. पहिली दहा पानं ‘वा, वा!’ विसाव्याला शांतता. चाळिसाव्याला एकीनं कंट्रोलर मांडीवर टाकला. ही बाई दातांची डॉक्टर, गेमची पक्की नादी आणि जिभेनं तिखट. ती म्हणाली, ‘एका औषधाला साठ पानं? अहो, रोगी मरेल तोवर! आणि हिची कंबर नाही का दुखत?’

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं हसला आमचा तुफान. तुफान म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. बोलतो भरभर, जेवतो भरभर, जिना उतरताना मधल्या पायऱ्या त्याला माहीतच नाहीत. त्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, ‘बटण दाबलं, पान गायब, टुंग असा आवाज, आकडा वाढला. खलास! लोक खेळायला आलेत, वाकायला नाही.’

‘मग झाडं तरी कशाला दाखवतोस? नुसते आकडेच दाखव की!’ मी फणकारले.

आमच्या मुख्य बाई कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून तर त्यांची जास्त भीती वाटते. त्या म्हणाल्या, ‘पुढच्या बुधवारी हीच मंडळी परत येतील. तोवर मला काहीतरी वेगळं दाखव. नाहीतर तुफान म्हणतो तसं करू आणि हालचाली काढून टाकू.’

काढून टाकू! चौदा महिने!

रविवारी दुपारी मी घरी कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसले होते. हालचालीचा वेग दीडपट केला, तर वैदीण उचकी लागल्यासारखी दिसायला लागली. बघणं काढून टाकलं, तर यंत्र वाटायला लागली. मागे खुर्चीत आत्या मटार सोलत होती. पटपट, न बघता. थोड्या वेळानं तो आवाज थांबला.

‘ही कोण गं?’ आत्यानं विचारलं.

‘वैदीण आहे. तीस वर्षं जंगलात राहते.’

‘तीस वर्षं?’ आत्या पुढे वाकली. ‘आणि पान असं तोडते? एकेक? आणि प्रत्येक पानाला उठबस? हिला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं, बाई.’

झालं! मी ओरडले ते तेव्हा. ‘तुला गेममधलं काय कळतं गं? खरीखुरी हालचाल आहे ती आत्या! मी स्वतः करून बघितलीय!’

‘तू केलीस ना? तेच म्हणतेय मी. तुला कुठं येतं?’

ती रागावून बोललीच नाही. सहज बोलली, मिठाचा डबा कुठं आहे ते सांगावं तसं. अरे देवा! चौदा महिने मी खरं खरं म्हणून जे दाखवत होते, ते खरंच होतं, पण आयुष्यात कधी पानं न खुडलेल्या, अळीला घाबरणाऱ्या बाईचं खरं! तीस वर्षं मुरलेली वैदीण माझ्यासारखी कशाला करेल?

‘आत्या, चल. खाली चल. आत्ताच्या आत्ता!’

‘मटार?’

‘खड्ड्यात गेले मटार!’

आमच्या इमारतीच्या कुंपणाला दाट झाडी आहे. आत्या तिथे उभी राहिली, बाह्या वर केल्या आणि सुरू झाली. काय सांगू तुम्हाला! डावा हात फांदी वाकवतो आणि स्वतःही खुडतो. उजवा अंगठा नुसता टेकतो, की पान मुठीत. मूठ भरेपर्यंत पिशवीकडे जायचंच नाही. आणि डोळे? डोळे हातावर नाहीतच! ते पुढच्या फांदीवर. पाय हळूहळू सरकतायत, कंबर एकदाच जराशी वाकलेली, ती तशीच. मी मोबाइलवर चित्रण करत होते आणि आनंदानं अक्षरशः उड्या मारत होते.

रखवालदार धावत आला. ‘अहो काकू, कुंपण का सोलताय?’

‘ऑफिसचं काम आहे!’ आत्या ऐटीत म्हणाली.

वर येऊन मोजलं. सव्वातीन सेकंदांत अकरा पानं! परत मोजलं. अकराच!

सोमवारी मी तिला स्टुडिओत नेलं. तिथे अंगाला चिकटून बसणारा काळा पोशाख घालावा लागतो, त्यावर पांढरे ठिपके असतात, आणि कॅमेरे ते ठिपके टिपून हालचाल कॉम्प्युटरमध्ये घेतात. आत्यानं पोशाख दोन बोटांत धरून उचलला. ‘या वयात मला माझी शोभा करून घ्यायला सांगतेस?’ मग घातला, आरशासमोर वळून बघितलं आणि म्हणाली, ‘सुटसुटीत आहे हो. मळ्यात असता तर बरं झालं असतं.’

आम्ही तारांना कागदाची पानं चिकटवून ठेवली होती. तिनं दोन खुडली आणि थांबली. ‘हे तुटत नाही, नुसतं सुटतं. तुटताना बोटाला कळायला पाहिजे.’ तुफान जिन्यावरून उड्या मारत खाली गेला आणि कुठून तरी खऱ्या फांद्यांची मोळी घेऊन आला. मग ती सुरू झाली, तसा तुफान जागीच थिजला. पाच मिनिटं एका जागी उभा राहिलेला तुफान मी पहिल्यांदाच बघितला.

‘अहो आत्या,’ तो शेवटी म्हणाला, ‘तुम्ही तर माझ्या टुंगपेक्षा फास्ट आहात!’

त्यानंतर त्याला आवरणं मुश्कील झालं. बटण दाबून धरायचं आणि चालत राहायचं, वैदिणीचे हात आपोआप चालू राहतील, अशी युक्ती त्यानंच काढली. मी म्हटलं, मग मुळ्यांचंही तसंच करू. आत्यानं हात आडवा केला. ‘मुळीला घाई करायची नाही. आजूबाजूची माती मोकळी करायची, हलवून बघायची, मग काढायची. तुटली की गेली कामातून.’ तेवढं काम तिनं इतक्या सावकाश करून दाखवलं की आम्ही श्वास धरून बघत होतो. म्हणजे जिथं हात सरावलाय तिथं झपझप, जिथं जपायला हवं तिथं संथ. इतके दिवस मी आणि तुफान कशावर भांडत होतो, देव जाणे!

बुधवार उजाडला. आत्या म्हणाली, ‘मीपण येणार.’ आली आणि मागच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसली. खेळणारी सहा जण होती, मधोमध दातांची डॉक्टर. मुख्य बाई हाताची घडी घालून भिंतीशी.

डॉक्टरीणबाईंनी आधी मुळी काढली. सावकाश. मी कान टवकारले. कुणी कुरकुरलं नाही! उलट त्याच पुढे सरकून बसल्या. मग पाल्याची झाडी आली. त्यांनी बटण दाबून धरलं, वैदिणीचे हात सुटले आणि खोलीत कुणीतरी ‘आईशप्पथ!’ म्हणालं. साठ पानं झाली, शंभर झाली, दीडशे. त्यांना औषधाला साठच लागत होती! मग पडद्यावर पाटी आली की पिशवी भरली.

‘भरली?’ त्या चिडून म्हणाल्या. ‘याहून मोठी पिशवी नाही का तुमच्याकडे?’

मुख्य बाईंनी माझ्याकडे बघितलं, हलकेच हसल्या आणि म्हणाल्या, ‘ठेवायचं.’ एवढंच! मी तुफानच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला. माझं काम वाचलं होतं, मला नाचावंसं वाटत होतं.

‘फक्त एक सांगते,’ डॉक्टरीणबाई कंट्रोलर ठेवत म्हणाल्या. ‘मजा येते, पण हे खोटं आहे. तुम्ही ते पळवलंय. मी दिवसभर हातांचंच काम करते, मला कळतं. माणसाचा हात इतका भरभर चालूच शकत नाही.’

‘अजिबात पळवलेलं नाही!’ मी उसळले. ‘जसं टिपलं तसं आहे. आणि ज्यांचे हात आहेत, त्या तुमच्या मागे बसल्यात.’

सगळे वळले. आत्या डबा घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, खोटं म्हटल्याचं तिला लागलं. चेहरा अगदी उतरल्यासारखा दिसत होता.

‘काय म्हणालात, डॉक्टर?’ तिनं विचारलं. ‘परत एकदा म्हणाल का?’

डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, तिच्याजवळ गेल्या. ‘आजी, माफ करा. एवढंच म्हणाले की, इतका चपळ हात मी आजवर बघितलेला नाही.’

आत्या माझ्याकडे वळली. ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. ‘आमच्या मागे मुकादम उभा असायचा गं. रोज. “ए हळूबाई, हात चालव, हात चालव.” मला वाटायचं, आपणच मंद. घरी येऊन बोलायचीसुद्धा लाज वाटायची.’

मी तिच्या खुर्चीशी जाऊन बसले. तिनं चष्मा काढून पुसला, पडद्यावर अजून खुडतच असलेल्या वैदिणीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘सव्वीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं का नाही गं?’